फोन दुकानात न्यायच्या आधी घरी काय काय बघायचं, आणि बॅटरी जास्त वर्षं कशी टिकवायची

फोन हँग होतोय, दुपारी तीनलाच बॅटरी लाल होतेय, चार्जिंगला लावला तरी टक्का हलत नाही, बोलताना समोरच्याला आवाज जात नाही. नवीन नवीन स्मार्टफोन वापरणाऱ्यांच्या या ठरलेल्या तक्रारी. आमच्या नात्यात, शेजारीपाजारी कुणाचाही फोन अडला की तो माझ्याकडे येतो, त्यामुळे मी खात्रीनं सांगतो की यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्या घरी, एक रुपया न घालवता निस्तरता येतात. फक्त क्रम चुकवायचा नाही. लोक काय करतात, शेवटचा उपाय आधी करतात, म्हणजे कुणीतरी सांगितलं रिसेट मार (म्हणजे फोन पुसून नव्यासारखा कोरा कर) आणि मारला, मग फोटो गेले, नंबर गेले, आणि मूळ दुखणं निघालं चार्जरच्या वायरचं. म्हणून खाली ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं जा, सोपं आणि बिनधोक्याचं आधी, मोठं नंतर.

मी मुख्यतः अँड्रॉइडबद्दल लिहितोय कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच असतो, आयफोनचं जिथं वेगळं आहे तिथं सांगेन. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये सेटिंगची नावं आणि जागा थोड्या बदलतात, त्यामुळे मी सांगितलेलं नाव तुमच्या फोनमध्ये तसंच दिसलं नाही तर घाबरू नका, सेटिंग्ज उघडा, वर भिंगाचं चिन्ह असतं त्यात "बॅटरी", "स्टोरेज", "बॅकअप" असा शब्द टाका, ते बरोबर त्या जागी नेतं.

काहीही करायच्या आधी जीमेल आणि बॅकअप

हे कंटाळवाणं वाटतं पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांचं जीमेल खातं फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलानंच काउंटरवर उघडून दिलेलं असतं, पासवर्ड काय टाकला ते ना त्याच्या लक्षात ना आपल्या. फोन नीट चालतोय तोवर काही अडत नाही, पण फोन रिसेट केला की तो आधीच्याच जीमेलचा पासवर्ड किंवा आधीचं स्क्रीन लॉक मागतो, ही चोरी रोखायची सोय आहे, आणि ते नसेल तर स्वतःचाच फोन स्वतःला उघडता येत नाही. मग बिल घेऊन सर्व्हिस सेंटरच्या चकरा.

तर आजच, फोन चांगला चालतोय तेव्हाच, सेटिंग्जमध्ये गुगल उघडा, कुठलं खातं आहे ते कागदावर लिहून घ्या, पासवर्ड आठवत नसेल तर तिथूनच बदला, आणि रिकव्हरीसाठी स्वतःचा चालू नंबर टाकलाय का बघा, जुना बंद पडलेला नंबर असेल तर काढून टाका. मग तिथंच बॅकअप चालू आहे का बघा. फोनबुकातले नंबर सिममध्ये किंवा नुसते फोनमध्ये सेव्ह होतायत की गुगल खात्यात, हेही बघा, गुगलमध्ये असले तर फोन विहिरीत पडला तरी नंबर परत मिळतात. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा असतो, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप. गुगलची फुकट जागा १५ जीबी आहे, त्यात मेल, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळं धरलेलं असतं, म्हणून व्हिडिओ सोडून बॅकअप घेतला तर पुष्कळांचं त्यात भागतं.

आणि स्टार हॅश शून्य सहा हॅश, म्हणजे *#०६# डायल करा, १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसेल. तोही त्याच कागदावर लिहा. फोन हरवला तर पोलिसात तक्रार करून संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो, तिथं हा नंबर लागतो.

रिस्टार्ट, आणि अडकलेल्या फोनचा रिस्टार्ट

महिना महिना फोन बंदच न करणारे लोक आहेत. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करायची सवय लावून घ्या, अडकून पडलेली ॲप मोकळी होतात, रेंजच्या तक्रारीसुद्धा निम्म्या यानं जातात. स्क्रीन गोठलीय, बोट लावलं तरी काही हलत नाही अशा वेळी पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून साधारण दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा, बहुतेक अँड्रॉइड फोन यानं परत चालू होतात. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या आयफोनला आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. यानं डेटा जात नाही, बिनधास्त करा.

फोन हळू चाललाय

दहातल्या बहुतेक वेळा कारण एकच, जागा भरलीय. फोनला स्वतःच्या कामासाठी मोकळी जागा लागते, ती संपत आली की कॅमेरा उघडायला वेळ, फोटो सेव्ह व्हायला वेळ, कीबोर्डसुद्धा अडखळत येतो. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा, दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा मोकळी असेल तर बाकी काही शोधायच्या आधी ती मोकळी करा.

आमच्या एका मामींचा फोन असाच आला होता, फोन जुना झालाय, नवीन घ्यावा लागेल असं त्यांना दुकानात सांगितलं होतं. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज एवढं उघडलं तर वर मोठ्या अक्षरात आकडा, खाली एकेका ग्रुपनं किती जागा खाल्लीय त्याची उतरती यादी, सगळ्यात वर भजनी मंडळाचा ग्रुप, त्यात रोज सकाळी येणारी फुलांची, देवाची, सुप्रभातची चित्रं आणि एकच व्हिडिओ चार-चार जणांनी टाकलेला. त्या यादीच्या वरच "५ एमबीपेक्षा मोठे" आणि "खूपदा फॉरवर्ड झालेले" असे वेगळे खण असतात, तिथून सुरुवात केली की दहा मिनिटांत काही जीबी मोकळे होतात. मामींचा फोन तोच आहे अजून.

डिलीट करताना घरच्या माणसांचे फोटो त्यात नाहीत ना हे बघून मगच करा. नंतर गॅलरीतलं ट्रॅश किंवा बिनसुद्धा रिकामं करा, कारण गॅलरीतून काढलेले फोटो महिना-दोन महिने तिथं पडून जागा अडवतात. आणि पुन्हा भरू नये म्हणून त्याच स्टोरेज अँड डेटामध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, फोटो हवा असेल तर त्यावर बोट लावून उतरवता येतोच.

फोन क्लीनर, रॅम बूस्टर, बॅटरी डॉक्टर असली ॲप अजिबात घेऊ नका. फोनमध्ये जी सोय आधीच आहे तीच दाखवतात आणि वरून जाहिराती.

जाहिरातींवरून आठवलं. फोन नुसता उघडला, काहीच लावलेलं नाही तरी पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येतेय, तर ते काम कुठल्यातरी ॲपचं आहे. फोन सेफ मोडमध्ये लावा, म्हणजे पॉवरचं बटण धरून जी पॉवर ऑफची खूण येते ती बोटानं दाबून धरा, सेफ मोड विचारेल, हो म्हणा. यात फोनबरोबर आलेली ॲप तेवढी चालतात, तुम्ही घेतलेली सगळी गप्प असतात. इथं जाहिरात बंद झाली, फोन गरम व्हायचा थांबला, तर दोष तुम्ही टाकलेल्या ॲपचाच, फोन ठणठणीत आहे. मग साधा रिस्टार्ट करा आणि शेवटी शेवटी घेतलेली ॲप एकेक करून काढा, टॉर्च, वॉलपेपर, पीडीएफ, भविष्य सांगणारी, यांच्यावर आधी संशय घ्या. लिंकवरून आलेली ॲप, लग्नाची पत्रिका म्हणून किंवा बँकेचं, वीजबिलाचं म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाइल इन्स्टॉल केली असेल तर मात्र हे नुसतं जाहिरातीचं प्रकरण समजू नका, ती ॲप मेसेज वाचून ओटीपी चोरतात. आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा.

चार्ज होत नाही

इथं क्रम फार कामाचा आहे, म्हणून आकडे घालून लिहितो.

१. सॉकेट बदला. आपल्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड ढिले असतात, भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा.

२. वायर बदला. सगळ्यात जास्त खराब होते ती वायर, पिनेजवळ आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. घरातल्या दुसऱ्याची वायर दहा मिनिटं लावून बघा.

३. मग ॲडॅप्टर बदला.

४. तरी नाही, तर टॉर्च लावून चार्जिंगच्या भोकात बघा.

हे चौथं लोक बघतच नाहीत. खिशातली कापडाची लव आणि धूळ रोज थोडी थोडी आत जाते आणि आपण पिन खुपसून ती आतल्या आत दाबत राहतो, शेवटी ती नमद्यासारखी घट्ट बसते आणि पिन पूर्ण आत जात नाही, जराशी बाहेरच राहते, हलवली की चार्जिंग तुटतं. आमच्याकडे वेचणीच्या दिवसात शेतातून येणाऱ्यांच्या फोनमध्ये तर कापसाचा तंतू आणि काळी माती असं दोन्ही एकत्र निघतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या, भोकाच्या कडेकडेनं हळू फिरवून मळ बाहेर ओढा, मधल्या पातळ पट्टीला जोर लावू नका. टाचणी, सुई, सेफ्टी पिन चालणार नाही, धातू आत टेकला तर शॉर्ट होऊ शकतं. तोंडानं फुंकरही नको, त्यात थुंकीची वाफ जाते.

चार्जिंग होतंय पण फारच हळू, असं असेल तर ॲडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. आउटपुट ५ व्होल्ट १ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा, ५ वॅट झाले, आणि ५००० एमएएचच्या (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरीला तो चार-पाच तास घेणारच, फोनचा दोष नाही. आणि चार्जिंगला लावलं की स्क्रीन आपोआप दाबली जाते, अक्षरं भलतीच उमटतात, वायर काढली की सगळं ठीक, हा प्रकार स्वस्तातल्या चार्जरनं होतो, डिस्प्ले बदलून घ्यायच्या आधी चार्जर बदलून बघा.

चार्जर नवीन घ्यायचा तर त्यावर बीआयएसची (मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची) खूण आणि आर पासून सुरू होणारा आठ आकडी नोंदणी नंबर बघा. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की खरा की खोटा कळतं. बसस्टँडबाहेरच्या गाडीवर जो शंभरला मिळतो त्यावर बहुधा हे काही नसतं.

पाण्यात पडला, पावसात भिजला

लगेच बंद करा आणि चार्जिंगला अजिबात लावू नका. मारतं ते मुळात पाणी नाही, पाणी असताना आत खेळलेली वीज मारते. कव्हर काढा, सिमचा ट्रे काढा, पुसा, चार्जिंगचं भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटा, पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. हा उपाय घरोघरी सांगतात पण तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचा भुगा भोकात जातो, ॲपलनं २०२४ मध्ये तांदळात ठेवू नका असं स्वतः लिहून सांगितलंय. हेअर ड्रायरही नको. चार्जिंगच्या जागी ओल असल्याची सूचना येत असेल तर ती जाईपर्यंत थांबा, पुरता सुकायला एखादा दिवससुद्धा लागतो.

कोकणात, गोव्यात समुद्राचं पाणी लागलं असेल तर मात्र सुकवून भागत नाही, खारं पाणी आत राहून धातू गंजवतं, चालू दिसला तरी दोन दिवसांत उघडून साफ करून घ्या. "वॉटरप्रूफ आहे" म्हणून फोन घेऊन समुद्रात उतरणाऱ्यांनाही तेच सांगणं, ती तपासणी सहसा गोड्या पाण्यात होते, आणि फोन एकदा पडला, उघडला, जुना झाला की ते सील पहिल्यासारखं राहत नाही.

रेंज नाही, नेट नाही, आवाज नाही

एअरप्लेन मोड दहा सेकंद लावा आणि काढा. नाही जमलं तर रिस्टार्ट, मग सिम काढून कोरड्या कापडानं पुसून परत. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून बघितलं की दोष सिमचा की फोनचा ते लगेच कळतं. शेवटी सेटिंग्जमध्ये रिसेट नेटवर्क सेटिंग्ज, यात फोटो नंबर काही जात नाही, वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या तेवढ्या पुन्हा कराव्या लागतात. आणि एक, नेट चालू दिसतंय पण साइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतंय, तर फोनची तारीख बघा, ती चुकली असली की असं होतं, तारीख आणि वेळ ऑटोमॅटिकवर टाका.

आपला आवाज समोर जात नसेल तर आधी रेकॉर्डरमध्ये बोलून ऐका. माइकचं बारीक भोक बहुतेक फोनला खालच्या कडेला चार्जिंगजवळ असतं, कव्हरनं किंवा मळानं ते झाकलं जातं, कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा. त्यात सिमची पिन घालू नका, सिमचं भोक समजून माइकमध्येच पिन घालून तो फोडलेले फोन मी पाहिलेत. ट्रेची फट जिथं आहे तिथलंच भोक सिमचं. समोरच्याचा आवाज बारीक येत असेल तर वरच्या जाळीत मळ असतो. आणि कानाला लावल्यावर काळी झालेली स्क्रीन कान काढला तरी परत येत नसेल तर वरच्या कडेचा सेन्सर झाकलाय, बरेचदा चुकीची टेम्पर्ड ग्लास हेच कारण.

आता बॅटरी

इथं जरा सविस्तर लिहितो कारण गैरसमज फार आहेत आणि पैसे इथंच जातात.

आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते, सोनीनं ती १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. त्याआधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना पूर्ण संपवून मग पूर्ण भरायला लागायचं, नाहीतर त्यांची धारणा कमी व्हायची. तो नियम अजून लोकांच्या डोक्यात आहे, "पूर्ण उतरल्याशिवाय लावू नको, पहिल्यांदा आठ तास लाव". लिथियमला हे लागू नाही, उलट रोज शून्यावर नेल्यानं तिचं आयुष्य घटतं. या बॅटरीला दोन गोष्टी झिजवतात, एक म्हणजे उष्णता आणि दुसरी म्हणजे कायम टोकाला भरलेलं असणं, कारण पूर्ण भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज ४.२ च्या वर जातो आणि तेवढ्या ताणात आतलं रसायन लवकर खराब होतं. दोन्ही एकत्र आले, म्हणजे १०० टक्के भरलेला फोन तापत पडला, तर सगळ्यात वाईट.

म्हणून माझं पहिलं सांगणं उन्हाबद्दल आहे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि ॲपल स्वतःच्या फोनसाठी सांगतं की आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश असावं. म्हणजे उन्हाळाभर आपला फोन हद्दीबाहेरच असतो. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून जाऊ नका, बंद गाडीत तो बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. बाइकवर हँडलला फोन लावून, मॅप चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, वरून ऊन, खालून पॉवर बँक, अशी डिलिव्हरीची पोरं दिवसभर फिरतात, त्यांच्या बॅटऱ्या वर्षभरात फुगलेल्या बघून वाईट वाटतं. त्यांना माझी विनंती, इअरफोन एका कानाला लावून मॅपचा आवाज ऐका, फोन खिशात ठेवा, चार्जिंग सावलीत थांबाल तेव्हा करा. शिवाय मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या थरथरीनं कॅमेऱ्याचं फोकस बिघडू शकतं असंही ॲपलनं २०२१ मध्ये सांगितलंय. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, गादीवर ठेवू नका, जाड कव्हर असेल तर काढा. गेम खेळत किंवा व्हिडिओ कॉल करत चार्जिंग नको, तेव्हा दोन्हीकडून तापतो. फोन तापलाच तर फ्रिजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते, कव्हर काढून पंख्याखाली ठेवला की पुरे. थंडीचं उलट आहे, कॅनडात किंवा अमेरिकेत हिवाळ्यात असलेल्या आपल्या माणसांचा फोन बाहेर अचानक बंद पडतो, तो आत आल्यावर ऊब लागली की बरा होतो, फक्त गारठलेला असताना चार्ज करू नये.

दुसरं, २० च्या खाली जायच्या आत लावा आणि ८०-९० ला काढा. रोज नाही जमलं तर अपराधी वाटून घेऊ नका, प्रवासाच्या दिवशी खुशाल १०० करा. रात्रभर लावून ठेवलं तर स्फोट होत नाही, भरल्यावर फोन स्वतः थांबतो, पण तासन्‌तास १०० वर बसून राहतो तेवढी झीज होते. बहुतेक नव्या फोनमध्ये यावर सोय आहे, बॅटरी प्रोटेक्शन, ऑप्टिमाइज्ड चार्जिंग, ॲडॅप्टिव्ह चार्जिंग असलं काही नाव असतं, ते चालू करा. सॅमसंगमध्ये आणि आयफोन १५ पासून ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते. फास्ट चार्जिंगला घाबरायचं कारण नाही, शेवटच्या वीसेक टक्क्यांत फोन आपणच वेग कमी करतो, पण वेळ असेल तर हळू चार्जर बरा, कमी तापतो.

सायकल म्हणजे काय तेही समजून घ्या, आज ५० टक्के वापरलं, परत भरलं, उद्या पुन्हा ५० वापरलं, म्हणजे एक सायकल झाली, कितीदा वायर लावली याला महत्त्व नाही. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर आणि आयफोन १५ पासूनच्या १००० सायकलनंतर मूळच्या ८० टक्के उरतील अशा बनवल्यात असं ॲपल सांगतं. यावरून दोन-तीन वर्षांनी बॅटरी कमी टिकायला लागली तर ते वयोमान आहे हे लक्षात येईल.

दिवस पुरत नाही त्यांच्यासाठी

अंदाजानं दहा गोष्टी बंद करत बसू नका. सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी युसेज उघडा, रात्री झोपताना बघा, दिवसभरात कुणी किती खाल्लं ते टक्क्यांत दिसतं. सगळ्यात वर स्क्रीन किंवा तुम्ही स्वतः तासन्‌तास वापरलेलं ॲप असेल तर कारण कळलं. पण जे ॲप दिवसभर उघडलंच नाही ते वर दिसत असेल तर तो चोर, त्यावर बोट लावा, बॅकग्राउंड वापर बंद करा, लोकेशनची परवानगी "ॲप वापरताना तेवढीच" करा, नको असेल तर काढून टाका.

स्क्रीन सगळ्यात खादाड. ब्राइटनेस ऑटोवर ठेवा, स्क्रीन टाइमआउट ३० सेकंद करा, रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) १२० हर्ट्झ असेल तर ६० वर आणा. डार्क मोडचा फायदा ॲमोलेड किंवा ओलेड स्क्रीनलाच होतो, तिथं काळा ठिपका म्हणजे बंद दिवा. साध्या एलसीडीला मागचा दिवा जळतच असतो, तिथं फरक पडत नाही.

दुसरा मोठा खर्च कमजोर रेंजचा, आणि हा कुणाच्या लक्षात येत नाही. टॉवर लांब असला की फोन जोर लावून बोलतो, घाटात, शेतात, जाड भिंतींच्या वाड्यात बॅटरी पटपट उतरते ती यामुळे. गावात ५जीची रेंज येते-जाते अशी असेल तर नेटवर्क ४जीवर टाका. घरी वायफाय असेल तर तेच वापरा. जिथं रेंज शून्य आहे तिथं एअरप्लेन मोड लावून ठेवा.

आणि एक सवय सोडा, दर पाच मिनिटांनी चौकोनी बटण दाबून सगळी ॲप वर सरकवून बंद करायची. यानं बॅटरी वाचत नाही, तेच ॲप परत पहिल्यापासून उघडायला उलट जास्त लागते. अँड्रॉइडच्या आणि ॲपलच्या वरिष्ठांनी २०१६ मध्येच हे सांगितलंय. एखादं ॲप अडकलं तर तेवढंच बंद करा.

बॅटरी सेव्हर जपून. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नादात व्हॉट्सॲप आणि बँकेचे मेसेज अडवून ठेवतात, फोन उघडल्यावर सगळे एकदम येतात. तसं होत असेल तर त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये अनरिस्ट्रिक्टेड करा, ऑटोस्टार्ट चालू करा. मोठा अपडेट आल्यावर दोन-तीन दिवस बॅटरी लवकर उतरते, फोन आत आवराआवर करत असतो, तेवढं थांबून मग ठरवा. २५ टक्क्यांवरून एकदम ५ वर उडी मारत असेल तर एकदाच पूर्ण उतरवून पूर्ण भरा, मोजणी जागेवर येते का बघा. नाही आली तर बॅटरीच संपलीय.

दुकानात न्यायचाच झाला तर

मागचं झाकण उचललंय, स्क्रीन कडेनं वर आलीय, टेबलावर ठेवला की फोन डुगडुगतो, याचा अर्थ बॅटरी फुगलीय. त्या क्षणापासून चार्जिंग बंद, फोन बंद, दाबून बसवायचा नाही, टोचायचं तर मुळीच नाही, ती पेट घेते. पेट घेईल असं काही जवळ नसलेल्या जागी ठेवा आणि लवकर बदलून घ्या.

देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. स्क्रीन लॉकचा पॅटर्न कागदावर लिहून मागतात तो देऊ नका, बॅटरी बदलायला त्याची गरजच नसते. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये रिपेअर मोड असतो, तो लावला की फोन तपासता येतो पण तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. बिल घ्या, बॅटरीची वॉरंटी त्यावर लिहून घ्या. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सर्व्हिस सेंटरचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका, तिथं खोटे नंबर टाकलेले असतात, फोनबरोबर आलेल्या कागदावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, आणि फोनवरचा माणूस स्क्रीन शेअर करणारं ॲप टाका म्हणाला की फोन ठेवून द्या.

फॅक्टरी रिसेट या सगळ्याच्या शेवटी. बॅकअप झालाय, जीमेलचा पासवर्ड टाकून खात्री केलीय, सिमला एसएमएस जाण्याइतका रिचार्ज आहे, कारण यूपीआय ॲप नव्यानं लावताना त्याच सिमवरून मेसेज जावा लागतो, एवढं झालं की मगच करा.

काढलेली जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्या किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना ती फुटून पेटली तर ते उचलणाऱ्या माणसाच्या हातात पेटते.